तुझ्या लाजऱ्या हिरोला लाजराच राहू दे

बाबू,

स्क्रिप्ट वाचली. एका बैठकीत वाचली आणि दोन-तीन ठिकाणी इतका हसलो की घरचे येऊन विचारून गेले काय झालं म्हणून. नागपूरच्या महाल भागातल्या कासाराचा पोरगा, बायकांचा हात हातात घ्यायला घाबरतो, आणि कुठूनतरी अफवा उठते की ह्याच्या हातून बांगड्या भरल्या की लग्न जमतं, झालं, दुसऱ्या दिवशी पोरींची रांग थेट बडकस चौकापर्यंत. आयडिया एक नंबर आहे, कोणी काहीही म्हटलं तरी सोडू नको.

पण इंटरव्हलनंतर तू त्याला स्मार्ट करून टाकला ना, गॉगल, बुलेट, फुटाळा तलावावर चक्कर, दर पोरीला एक डायलॉग, तिथं सगळी मजा गेली. तो लाजरा आहे तोवरच चावटपणा गोड लागतो. १९७१ चा 'सोंगाड्या' पाह्यला नसशील तर आजच पाहा. दादा कोंडकेंचा नाम्या भोळा, आईच्या धाकातला, त्याच्या मनात वाक्य सरळच असतं, वाकडा अर्थ लावतो तो खुर्चीत बसलेला माणूस आणि मग स्वतःच लाजून हसतो. नटानं डोळा मारला की संपलं, मग प्रेक्षकाला करायला काही उरतच नाही. दादांच्या नऊ पिक्चरची सिल्व्हर ज्युबिली झाली, गिनीजमधे नोंद आहे, लोक काय नुसतं अश्लील ऐकायला जात होते का, ते तर कुठंही मिळतं.

आणि तुझ्याकडे तर खजिना आहे बे! बांगड्या भरायचा सीन घे. गिऱ्हाईक म्हणते, "दुखलं तरी चालते, पण सव्वादोनचीच घाला, ढिली नको." हा बिचारा हाताला साबणाचा फेस लावून, मान खाली घालून म्हणतो, "ताई, सैल सोडा, तुम्ही आवळून धरलं की मले जमत नाही." दोघंही बांगडीबद्दलच बोलून राह्यले. पण दुकानातल्या पडद्याच्या अलीकडे बसलेल्या आजीला फक्त आवाज येते, दिसत काहीच नाही. कॅमेरा आजीच्या चेहऱ्यावर ठेव आणि हलवू नको. ह्या सीनला तू अर्धं पान दिलंस, चार पानं दे.

दुसरं, पोरी. तुझ्या पोरी येतात, खिदळतात, जातात. प्रत्येकीला स्वतःचं कारण पाह्यजे. एकीला लग्न जमवायचंच नाहीये, ती मुद्दाम दुसऱ्या दुकानातून बांगड्या भरून येते आणि घरी खोटं सांगते, अशी एक तरी लिही, तीच त्याला खरी ओळखेल. जाड पोरीवरचे जोक काढ, सगळे. आणि पोरगी नाही म्हणते तरी हिरो तिच्या मागं स्कुटीपर्यंत जातो तो सीनही काढ, त्याच्यावर चर्चा नाही. तो घाबरट पोरगा असं करणारच नाही, आणि केलं तर मला तो नकोच.

दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांचा सीझन सुरू झाला की वडशाकडे जा, रात्रभराचं नाटक पूर्ण पाहा. स्टेजकडे कमी, बायका बसतात तिकडे जास्त पाहा. कोणत्या वाक्याला त्या मोकळ्या हसतात आणि कोणत्याला पदर सारखा करून गप्प होतात, हे तुला कोणताच क्लास शिकवणार नाही.

सेन्सॉरचं टेन्शन आता घेऊ नको. २०२४ पासून यूए सर्टिफिकेटचे वयाप्रमाणे ७, १३ आणि १६ असे तीन भाग झालेत, कदाचित १६ मधे बसशील. ए सर्टिफिकेट मिळालं तर मात्र अठराच्या आतले थेटरात येऊ शकत नाहीत आणि टीव्हीवर तो तसाच्या तसा लागत नाही, पैसे लावणाऱ्याला हे आधीच सांगून ठेव.

पहिल्या हाफला हात लावू नको, दुसरा पूर्ण नवा लिही. झाला की घेऊन ये, मोठ्यानं वाचू, आणि जमलं तर आईलाही सोबत आण.