एंडोस्कोपीच्या फ्रेममधला हालचालीचा दोष ओळखायला कोणतं मॉडेल वापरावं?

चित्रं ओळखणारं कुठलंही न्यूरल नेटवर्क घ्या. रेझनेट-१८ घ्या, मोबाइलनेट घ्या. तुमचा कॅमेरा रंग कसा टिपतो हे मात्र प्रश्नात लिहिलेलंच नाही, आणि आमचे सहा महिने तिथेच पाण्यात गेले.

आमचे व्हिडिओ क्रमवार रंगांच्या पद्धतीचे होते. सेन्सर कृष्णधवल; लाल, हिरवा, निळा प्रकाश एकापाठोपाठ पडतो आणि तीन चित्रं जोडून एक रंगीत फ्रेम होते. तेवढ्यात आतडं आकसलं किंवा नळी सरकली, की रंगीत छपाईत ठसा सरकतो तसं होतं. ओलसर अस्तरावर दिव्याची चमक पांढरी दिसायला हवी, तिथे लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके शेजारी शेजारी उमटतात.

आमच्या टीम लीडने पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं, सगळं ग्रेस्केल, म्हणजे कृष्णधवल करा. "धूसरपणाच मोजायचाय ना? रंग काय चाटायचेत?" मी म्हटलं, दोषच रंगात आहे. "डेटा एक तृतीयांश होतो," एवढंच उत्तर. मी नवीन होतो, गप्प बसलो. मग लाप्लासियनचा व्हेरिअन्स, म्हणजे चित्रातल्या कडा किती धारदार आहेत त्याचा आकडा काढला, त्यावर एक मर्यादा ठरवून 'उत्तम', 'खराब' अशी लेबलं पाडली आणि नेटवर्क शिकवलं. अचूकता झकास! असणारच, नेटवर्क लाप्लासियनच पाठ करत होतं. डॉक्टरांपुढे डेमोला गुळगुळीत, निरोगी आतड्याची स्थिर फ्रेम 'खराब' निघाली आणि तीन ठिपकेवाली 'उत्तम'. ग्रेस्केलमध्ये एका चमकेच्या तीन धारदार कडा झाल्या होत्या, दुसरं काही नाही. डॉक्टर हसल्या. लीड म्हणाले, डेटा कमी पडला.

नुसती चॅनेलची, म्हणजे एकेका रंगाच्या चित्रांची, वजाबाकी करूनही भागत नाही बरं का. रक्त हिरवा-निळा प्रकाश जास्त शोषतं, त्यामुळे त्या चॅनेलमध्ये शिरा ठळक आणि लालमध्ये फिक्या दिसतात; काहीही न हलता फरक येतो. मशीन लर्निंगची गरज आहे ती इथे.

लेबलं हाताने करत बसू नका. साध्या रंगीत सेन्सरच्या व्हिडिओतून सलग तीन फ्रेम घ्या. पहिलीचा लाल, दुसरीचा हिरवा, तिसरीचा निळा जोडा. पहिल्या आणि तिसऱ्या फ्रेमचे हिरवे चॅनेल ताडून पाहिले की किती सरकलं ते कळतं, तेच लेबल. एकाच फ्रेमचे चॅनेल सरसकट चार पिक्सेल सरकवण्याचा शॉर्टकट नको. प्रत्यक्षात कॅमेऱ्याजवळची आतड्याची घडी जास्त सरकते, लांबची कमी. (हा शॉर्टकट कोणी सुचवला होता ते सांगायला नकोच.) आणि ट्रेनिंग-टेस्टची विभागणी पेशंटनुसार करा, फ्रेमनुसार केलीत तर शेजारच्या जवळजवळ सारख्या फ्रेम दोन्हीकडे जातील.

एक राहिलं. अशा जोडलेल्या फ्रेममध्ये सरक खऱ्यापेक्षा मोठी येते, कारण क्रमवार यंत्रात एका रंगापासून पुढच्या रंगापर्यंतचा वेळ व्हिडिओच्या दोन फ्रेमांमधल्या वेळापेक्षा सहसा कमी असतो. थोड्या खऱ्या फ्रेम तपासायला बाजूला ठेवाच.

आणि तुमचा एंडोस्कोप तिन्ही रंग एकदमच टिपणारा असेल, तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. तिथे साधी धूसरता असते, तिच्यासाठी २०१९ च्या ईएडी (एंडोस्कोपीच्या चित्रांतले दोष ओळखण्याच्या) स्पर्धेचा डेटा बघा. त्यात धूसरपणा, बुडबुडे, चमक असे वेगवेगळे वर्ग आहेत. तिथे ग्रेस्केलही चालून जाईल. म्हणजे त्या यंत्रावर आमचे लीड बरोबर ठरले असते. आमच्याकडे ते यंत्र नव्हतं.