पडद्याला उत्तर देणारे प्रेक्षक

‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ हा गाण्यांनी भरलेला इंग्रजी विनोदी भयपट, त्याच्या खेळात प्रेक्षक पडद्याला उत्तरं देतात आणि वस्तू उडवतात. गेल्या अंकातल्या त्यावरच्या टिपणावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या पाच पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलगी म्युनिकला शिकते. आम्ही दोघं मे महिन्यात तिच्याकडे जाणार आहोत. तिथल्या एका थिएटरात हा सिनेमा दर आठवड्याला लागतो, तो दाखवायला ती आम्हाला नेणार आहे. तिथे नक्की काय होतं? आम्हाला झेपेल का? (डोंबिवली)

ते थिएटर बहुधा ‘म्युझियम लिश्टश्पीले’ असणार. १९७७पासून हा सिनेमा तिथे मुक्कामाला आहे. रिचर्ड ओब्रायनचं संगीत नाटक लंडनला १९७३ साली आलं, त्यावरून १९७५मध्ये हा सिनेमा निघाला आणि नेहमीच्या खेळांत साफ आपटला. पुढे १ एप्रिल १९७६ला न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात तो मध्यरात्री लावला, आणि तीच ती माणसं दर आठवड्याला येऊ लागली. आधी ती पडद्याला उत्तरं द्यायला लागली, मग पात्रांसारखे कपडे घालून यायला लागली, आणि शेवटी पडद्याखाली उभं राहून पडद्यावरचाच प्रसंग करायला लागली. या मंडळींना शॅडो कास्ट म्हणतात. आवाज पडद्याचा, ओठ आणि हातवारे यांचे.

पहिल्यांदा येणाऱ्याला ‘व्हर्जिन’ म्हणतात. बऱ्याच ठिकाणी त्याच्या कपाळावर लिपस्टिकने इंग्रजी व्ही काढतात आणि खेळाआधी एखाद्या फुटकळ स्पर्धेसाठी पुढे बोलावतात. नको असेल तर नको म्हणा, कुणी ओढून नेत नाही. विनोद मात्र उघडेवाघडे आहेत. सिनेमातला डॉक्टर, तोच यजमान, बहुतेक वेळ बायकी अंतर्वस्त्रांत वावरतो. मुलीशेजारी बसून ऐकताना अवघडल्यासारखं होणार असेल, तर दोन रांगा सोडून तिकीट काढा. ती मैत्रिणींबरोबर बसेल, तुम्ही दोघं मोकळेपणी हसाल.

प्रश्न : या खेळाला नेण्याच्या सामानाची यादी वाचली. तांदूळ, टोस्ट, रबरी हातमोजे… किराणा आणायचाय की सिनेमा पाहायचाय? (कोल्हापूर)

दोन्ही. वस्तू कधी बाहेर काढायची हे माहीत नसेल तर पिशवीचं नुसतं ओझं होतं, म्हणून क्रमाने सांगतो. सुरुवातीला लग्न लागून जोडपं चर्चबाहेर येतं, तेव्हा तांदूळ (आपल्या अक्षताच, फक्त मंगलाष्टकांविना). नायिका पावसात डोक्यावर वर्तमानपत्र धरते, तेव्हा आपणही धरायचं. मागच्या रांगांतले पिचकारीने पाऊस पाडतात. दूरवर दिवा दिसतो त्या गाण्यात टॉर्च. प्रयोगशाळेत डॉक्टर हातमोजे तीनदा फटकारतो, आपण त्याच्याबरोबर. त्याचं भाषण संपलं की खुळखुळे आणि पिपाण्या. चाकाच्या खुर्चीतले डॉ. स्कॉट येतात आणि नायक ‘ग्रेट स्कॉट’ म्हणून ओरडतो, तेव्हा टॉयलेट पेपरची गुंडाळी भिरकवायची, कारण स्कॉट नावाचा टॉयलेट पेपर अमेरिकेत घरोघरी असतो. जेवणाच्या टेबलावर यजमान ‘टोस्ट’ म्हणत पेला उंचावतो, की पावाचा टोस्ट हवेत. तो कोरडाच हवा. लोणी लावलेला समोरच्याच्या केसांत बसतो. पत्ते शेवटाकडे, घरी परतण्याच्या गाण्यात.

आता अडचणीचं. तांदूळ उतरत्या वाटेवर पायाखाली आला की माणूस घसरतो, खुर्च्यांच्या फटीत राहिला की उंदीर येतात. पिचकारीचं पाणी, तांदूळ आणि वर्तमानपत्र एकत्र झालं की त्याचा लगदा होतो आणि तो वाळला की खरवडावा लागतो. पडद्याचं दुखणं आणखी महाग. पडदा पीव्हीसीचा असतो, मागच्या स्पीकरचा आवाज पुढे यावा म्हणून त्याला बारीक भोकं असतात. त्यावर डाग पडला तर तो घासून काढता येत नाही, घासलेली जागा वेगळी चमकते. म्हणून बहुतेक ठिकाणी तांदूळ, पाणी आणि लायटर यांना बंदी आहे, आणि काहीही फेकायचं तर वर, पडद्याच्या दिशेने कधीच नाही. पुष्कळ थिएटरं मान्य वस्तूंची पिशवी स्वतःच विकतात. घरून काही नेण्यापेक्षा ती घ्या.

प्रश्न : सिनेमा चालू असताना ओरडणं याला आम्ही बेशिस्त म्हणतो. शेजारच्याचा फोन वाजला तरी आमचं डोकं फिरतं. यात कौतुक कसलं? (सदाशिव पेठ, पुणे)

फोन कुठेही वाजतो. ही आरोळी ठरलेल्या जागीच येते. या सिनेमात संवादांच्या मध्ये रेंगाळणाऱ्या जागा भरपूर आहेत. साध्या खेळात त्या कंटाळवाण्या वाटतात, पण इथे त्यांच्यावरच सगळा डोलारा उभा आहे. पहिली आरोळी म्हणून जिचा उल्लेख होतो ती १९७६चीच, वेव्हर्लीमधली. वर्तमानपत्र डोक्यावर धरून भिजणाऱ्या नायिकेला लुई फारेसी नावाच्या बालवाडी शिक्षकाने छत्री विकत घ्यायला सांगितलं, एक शिवी जोडून.

चांगली आरोळी पुढच्या वाक्याच्या आधी संपते. म्हणजे प्रेक्षकाने प्रश्न टाकायचा आणि पात्राचं मूळ वाक्य त्याचं उत्तर वाटायला हवं. अर्धा सेकंद उशीर झाला की वाक्य बुडतं आणि विनोदही. लांबलचक आरोळी, गाण्याच्या मध्ये आरोळी, दुसऱ्याची आरोळी ऐकून मग आपली, हे तिन्ही प्रकार नवशिक्यांचे. जुने लोक अशा वेळी मागे वळून नुसतं बघतात, तेवढं पुरतं. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या प्रेक्षकाला तिथल्या तिथे उत्तर देतो, चुकलं तर सावरूनही घेतो. पडदा सावरून घेत नाही, म्हणून इथे तालीम प्रेक्षकाला करावी लागते. तिला बेशिस्त म्हणवत नाही.

प्रश्न : ‘द रूम’ या सिनेमाला लोक चमचे का फेकतात? (ठाणे)

नायकाच्या दिवाणखान्यात टेबलावरच्या चौकटीत चमच्याचा फोटो आहे. का आहे, ते सिनेमात कुठेच कळत नाही. २००३चा हा सिनेमा गंभीर म्हणून काढलेला, पण लोक हसायलाच जातात. तो फोटो दिसला की चमचे उडवायचे. लंडनच्या प्रिन्स चार्ल्स सिनेमात याचे खेळ वर्षानुवर्षं होत आले आहेत. चमचे प्लास्टिकचेच न्या.

प्रश्न : आम्ही आठ-दहा जण असा खेळ मराठी सिनेमाचा करू पाहतो. २५० खुर्च्यांचं थिएटर मिळण्यासारखं आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ डोक्यात आहे. कुठून सुरुवात करावी? (नाशिक)

हक्कांपासून. घरची डीव्हीडी किंवा ओटीटीची वर्गणी जाहीर खेळाला चालत नाही. हक्कधारकाची लेखी परवानगी हवी, सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं. डिजिटल प्रत आली तर तिच्याबरोबर किल्ली येते, म्हणजे ठरावीक वेळेतच फाइल उघडणारा कोड. मध्यरात्रीच्या खेळाची हमखास चूक इथे होते. किल्ली शनिवारी रात्री १२ला संपते आणि खेळ १२.०५ला असतो, मग भरलेल्या थिएटरात नुसता पांढरा पडदा. किल्ली रविवारी सकाळपर्यंतची मागा आणि आदल्या दिवशी पाच मिनिटं लावून पाहा. तिकिटावर ‘शनिवार रात्री १२’ छापू नका, निम्मे लोक शुक्रवारी रात्री येतील. ‘शनिवार रात्री ११.५९’ लिहा. शेवटचा खेळ किती वाजता सुरू करता येतो हे थिएटरच्या परवान्यावर आहे, तेही आधी विचारा. नसेल जमत तर रविवारी दुपारी करा. न्यूयॉर्कवाल्यांनी मध्यरात्र निवडली म्हणून त्यात पावित्र्य काही नाही.

सिनेमाबद्दल आमचं मत थोडं वेगळं आहे. १९८८चा ‘बनवाबनवी’ सगळ्यांना पाठ आहे, पण त्याचे संवाद एकमेकांवर आदळत येतात, मध्ये शिरायला फट नाही. तिथे प्रेक्षक उत्तर देणार नाही, पात्रांबरोबर संवाद म्हणेल. मराठा मंदिरात ‘दिलवाले दुल्हनिया’ १९९५पासून चाललाय, तिथेही लोक संवाद पात्रांबरोबर म्हणतात. तीही मजा आहे, पण वेगळी. पात्रांबरोबर म्हणायचं असेल तर ‘बनवाबनवी’ उत्तम, आणि मग खालची सबटायटल्स चालू ठेवा. उत्तरं द्यायची असतील तर जरा संथ, थोडा फसलेला सिनेमा शोधा. फसलेल्या सिनेमांचा तुटवडा आपल्याकडे नाही.

पहिल्या खेळाला आठ-दहाच आरोळ्या ठरवा आणि त्या एका पानावर मोठ्या अक्षरांत छापा. माइकवर सूचना देणारा ठेवू नका, लोक त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. त्याऐवजी तुमच्यातले सहा जण सहा कोपऱ्यांत बसवा, आवाज चहूबाजूंनी आला की शेजारचे आपोआप धरतात. थिएटरचा आवाज नेहमीपेक्षा किंचित वर, फार नाही. फार वाढवला तर लोक त्याहून जोरात ओरडतात आणि शर्यत लागते.

पडद्याखाली अभिनय करायचा असेल तर सगळा सिनेमा अंगावर घेऊ नका. तीन प्रसंग आणि चार माणसं पुरे. पुढच्या दोन रांगा रिकाम्या ठेवा. स्पॉट समोरून मारला तर पडद्यावरचं चित्र फिकं पडतं, म्हणून दोन्ही बाजूंनी, कमरेच्या उंचीवरून, चेहऱ्यापुरता उजेड. फेकायला फुगे किंवा कागदी गोळे द्या. रंगीत कागदाचे बारीक तुकडे नकोत, ते गालिच्यातून निघत नाहीत. साध्या कपड्यांत येऊन गप्प बसणाऱ्यालाही तितकंच आपलं माना. अंगाला हात लावायचा नाही, फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, हे दारातच सांगा.

दुसरा खेळ महिन्याच्या त्याच शनिवारी ठेवा, पन्नासच लोक आले तरी. आणि झाडू मारायला कोण थांबणार ते तिकीटविक्री सुरू होण्याआधी ठरवा. थिएटरवाला पुढची तारीख देताना तेवढंच बघतो.