पिवळं फूल दिसलं म्हणजे माका नव्हे

पावसाळा लागला की पत्रांतून एकच विचारणा येते : हे झाड आपलं की बाहेरचं? दोन्ही एकाच कुळातली असली की चांगले जाणकारही फसतात.

प्रश्न : सुबाभूळ म्हणजे बाभळीचीच जात ना? (भांडुप)

नाही, बाभळीला काटे आणि पिवळे गोंडे, सुबाभळीला काटे नाहीत आणि गोंडे पांढरट.

प्रश्न : केसांच्या तेलासाठी नर्सरीतून 'पिवळा माका' आणला. वर्षभरात वाफा भरून गेला. पानं वापरू का? (बोरिवली)

अजिबात नको. तुम्ही पाठवलेल्या फोटोतलं पान जाडसर, तुकतुकीत आणि तीन टोकांचं आहे. ही सिंगापूर डेझी. नाव सिंगापूरचं, मूळ मात्र अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. आपला पिवळा माका हिच्या अगदी जवळच्या नात्यातला, पण त्याचं पान अरुंद, खरखरीत, बाजूला टोकं नसलेलं, फूलही लहान. तेलात घालतात तो नेहमीचा माका तर पांढऱ्या फुलांचा! जमीन झटपट झाकणारं रोप 'माका' म्हणून गळ्यात मारणं ही सरळ फसवणूक आहे.

माझी खरी काळजी पुढेच आहे. हिला पेरापेराला मुळं फुटतात. एका सोसायटीत माळ्याने छाटलेला भारा कुंपणापलीकडे टाकला. महिन्याभरात नाल्याचा काठ हिरवागार, खाली दुसरं गवत नाही. दक्षिण चीनमध्ये सिंगापूर डेझी आणि पिवळा माका या दोघांचा नैसर्गिक संकरही सापडला आहे, म्हणजे देशी पिवळा माका हळूहळू त्यात विरघळूनही जाऊ शकतो. म्हणून पुढच्या पावसाची वाट न बघता आताच मुळासकट उपटा, तुकडे कडक वाळवा, ओले कुठेही टाकू नका. औषधासाठी कुठलाही माका आधी वैद्यांना दाखवा.

प्रश्न : आवारातलं झाड शिरीष की रेन ट्री? शेजारी म्हणतात, विदेशी आहे, तोडू या. (दादर)

शेंग बघा. शिरीषाची चपटी, कागदी, वाऱ्यावर खुळखुळणारी. रेन ट्रीची जाड, आत चिकट गर. रेन ट्री परदेशीच, पण परदेशी सगळंच आक्रमक नसतं. आणि १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. आधी वॉर्डच्या उद्यान विभागात जा.

प्रश्न : खाडीकाठच्या झाडाला ॲपने 'शमी' म्हटलं. पूजेला चालेल? (चेंबूर)

ॲपवर विसंबू नका. खाडीकाठी बहुधा वेडी बाभूळ असते : काटे पानाच्या बेचक्यात, बरेचदा जोडीने. शमीचे बारीक काटे फांदीभर विखुरलेले. तरी शंका राहिलीच, तर फूल-शेंगेसकट डहाळी घेऊन सेंट झेविअर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांच्या संग्रहात) विचारा.