फोर्झा होरायझन ५ या कार रेसिंग गेममध्ये ड्रिफ्ट करायला, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळण घ्यायला गेलं की गाडी गरकन फिरते. कंट्रोलरवर ड्रिफ्ट शिकता येतं का?

येतं. मी साध्या एक्सबॉक्स कंट्रोलरवरच शिकले. रोज रात्री अर्धा-पाऊण तास, असे दोनेक महिने लागले. तुम्ही लिहिलंय की हँडब्रेक ओढल्यावर गाडी उलट्या तोंडाने उभी राहते. सुरुवातीला माझंही नेमकं तेच व्हायचं.

आधी गाडी बदला. हजार हॉर्सपॉवरची तयार ड्रिफ्ट गाडी नवशिक्याला काही शिकवत नाही, कारण तिच्यात चूक कळायच्या आत गाडी फिरलेली असते. निसान सिल्व्हिया घ्या आणि इंजिनाला हात लावू नका. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन बेताचं. जपानमध्ये केइची त्सुचिया यांच्यासारख्या ड्रायव्हरांनी घाटरस्त्यांवर ड्रिफ्टिंग गाजवलं आणि पुढे त्याच्या स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा तिथल्या पोरांच्या हातात अशाच जुन्या, परवडणाऱ्या गाड्या होत्या.

मग सेटिंगमध्ये गाडी घसरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करा, गिअर मॅन्युअल ठेवा. ऑटोमॅटिकमध्ये ऐन वळणात गिअर वर जातो आणि मागच्या चाकांची ताकद पडते. दुसरा नाहीतर तिसरा गिअर धरून राहायचं.

आता मुख्य गोष्ट. टायरची पकड म्हणजे मोजून दिलेला शिधा. तो गाडी पुढे ढकलण्यात संपला की गाडीला वळणात धरून ठेवायला काही उरत नाही, आणि मागचा भाग बाहेर सरकतो. म्हणजे गाडी किती आडवी होणार हे मुख्यतः अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे कंट्रोलरचा उजवा ट्रिगर ठरवतो. बहुतेक जण ते स्टिअरिंगने सांभाळू पाहतात आणि ट्रिगर एकतर पूर्ण दाबतात, नाहीतर घाबरून एकदम सोडतात. पूर्ण दाबला की मागचा भाग सरकतच जातो आणि गाडी फिरते. एकदम सोडला की मागच्या टायरांना अचानक पकड मिळते आणि गाडी झटक्याने विरुद्ध बाजूला फेकली जाते. ट्रिगर अर्ध्याच्या आसपास ठेवून किंचित कमी-जास्त करत राहा. चाकं घसरायला लागली की उजवा ट्रिगर बोटाखाली थरथरतो. त्या थरथरीकडे लक्ष द्या, मला सगळ्यात जास्त तिनेच शिकवलं.

हँडब्रेक फक्त क्षणभर. मागचा भाग सुटतोय असं वाटताक्षणीच स्टिअरिंगची स्टिक उलट दिशेला न्या. गाडी आडवी झालेली दिसल्यावर नेली तर उशीर झालेला असतो. नजर गाडीच्या नाकावर नको, वळण जिथे संपतं तिथे हवी.

पहिला आठवडा फक्त रुंद, रिकाम्या डांबरावर गोल फिरा. डावीकडून, मग उजवीकडून. गाडी गरकन न फिरता, न सरळ होता एक अख्खी फेरी निघाली की आठचा आकडा काढा. डावीकडून उजवीकडे जाताना गाडीचं वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर झुलतं, तेव्हा स्टिक मधून पटकन पलीकडे न्यावी लागते. माझा निम्मा वेळ यातच गेला, तुमचाही जाईल. ड्रिफ्ट झोनचे, म्हणजे गेममध्ये ड्रिफ्टला गुण देणाऱ्या रस्त्यांचे तीन स्टार तोवर विसरा.

आठ नीट निघाला की गेममधल्या ला ग्रान काल्देरा ज्वालामुखीच्या नागमोडी रस्त्यावर या. चुकलं की रिवाइंड करून तेच वळण पुन्हा घ्या, पण त्याआधी बोट ट्रिगरवर नेमकं किती दाबलेलं होतं ते आठवा.