शुद्ध आल्यावरही रात्रभर देखरेख कशासाठी?

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीचे वजन १२२ किलो व उंची १६० सेंटीमीटर आहे. तिचे पित्ताशय दुर्बिणीतून काढायचे ठरले आहे. ती रात्री मोठ्याने घोरते. भूल थोड्या वेळात उतरत असताना भूलतज्ज्ञ तिला रात्रभर विशेष देखरेखीखाली ठेवू म्हणतात, ते का?

उत्तर : शुद्धीवर येणे आणि श्वास पूर्ववत होणे या गोष्टी एकाच वेळी घडत नाहीत. आपल्या बहिणीचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ४७ च्या पुढे जातो. एवढ्या वजनाची व्यक्ती उताणी झोपली की पोटाचा भार श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या स्नायूला, वर रेटतो, आणि भुलीत स्नायू सैल पडले की फुप्फुसांच्या तळाकडचे वायुकोश मिटतात. ते दुसऱ्या दिवसापर्यंतही पुरते उघडलेले नसू शकतात.

मला अधिक काळजी वाटते ती घोरण्याची. रिकव्हरी रूममध्ये हाक मारल्यावर असा रुग्ण ओ देतो, नावही सांगतो. मात्र पाच मिनिटे कोणी बोलले नाही की डोळा लागतो, घोरणे सुरू होते आणि मध्येच एकदम थांबते. नातेवाइकांना शांत झोप लागल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात छाती हलत असते, पण घसा मिटल्याने हवा आत जात नसते. अशा वेळी मेंदू एरवी दचकून जागा करतो. भुलीचा उरलेला अंमल आणि मॉर्फिनसारखी वेदनाशामके नेमकी तीच जाग मंदावतात. रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या बोटावरच्या यंत्राचा आकडाही फसवा असतो, कारण ऑक्सिजन चालू असताना तो ९७ दाखवत राहतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो.

म्हणूनच स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल उतरल्याची यंत्राने खात्री करून, रुग्ण पूर्ण जागा असताना, डोक्याकडची बाजू उंच ठेवून श्वासनळीतली नळी काढतात. वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि जखमेजवळ बधिरतेचे इंजेक्शन दिल्यास मॉर्फिन कमी लागते.

झोपेत तिचा श्वास अडकताना कोणी पाहिले असल्यास ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. घरी सीपॅप यंत्र (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र) वापरत असल्यास ते सोबत न्या, आणि झोपेची नेहमीची गोळी परस्पर देऊ नका. रात्री तिला अर्धवट बसते ठेवलेले दिसेल. ती अवघडली असेल म्हणून पलंग सपाट करू नका.