‘बाजीराव पहिल्याने’ की ‘पहिल्या बाजीरावाने’?

प्रश्न असा आला आहे: ‘इतिहासावर लिहिताना एकाच नावाची माणसे सतत भेटतात. बाजीराव दोन, माधवराव दोन, शाहू तर आणखी जास्त. अशा वेळी ‘बाजीराव पहिल्याने’ लिहावे की ‘पहिल्या बाजीरावाने’? ‘पहिले’, ‘थोरले’, ‘सवाई’ हे शब्द एकमेकांऐवजी चालतात का? आणि एकाच नावाच्या माणसांसाठी मराठीत एखादा शब्द आहे का?’

शेवटचा भाग सोपा आहे, म्हणून तो आधी. अशा माणसांना नामबंधू म्हणतात, आणि नाव एक असण्याला नामसाधर्म्य. ‘सारख्या नावाचे’ असे मात्र लिहू नये. ‘सारखे’ म्हणजे मिळतेजुळते. शाहू आणि शहाजी ही सारखी नावे झाली. नाव तंतोतंत तेच असेल तर ‘एकाच नावाचे’ म्हणावे. नावांच्या चर्चेत हा फरक पाळला नाही, तर ज्या घोळातून वाचकाला सोडवायचे त्यातच तो अडकतो.

आता विभक्तीकडे. मराठीत विशेषण नामाच्या आधी येते आणि ‘पहिला’, ‘दुसरा’ ही आकारान्त विशेषणे नामाला विभक्ती लागली की सामान्यरूप घेतात. म्हणून पहिला बाजीराव, पण पहिल्या बाजीरावाने, पहिल्या बाजीरावाचा. आदरार्थी लिहायचे तर पहिले बाजीराव, पहिल्या बाजीरावांनी. क्रम मागे नेला की घोटाळा होतो, कारण मग प्रत्यय विशेषणालाच चिकटवावा लागतो. ‘बाजीराव पहिल्याने’ मोठ्याने वाचून पाहा. ‘पहिल्याने’ याला मराठीत ‘सुरुवातीला’ असा स्वतंत्र अर्थ आहे. ‘बाजीराव दुसऱ्याने तह केला’ हे तर आणखी वाईट, कारण ‘दुसऱ्याने’ म्हणजे ‘भलत्याच कोणीतरी’. बाजीराव राहिला बाजूला आणि तह तिसऱ्याच माणसाने केला, असे वाचले जाते.

तरीही ‘बाजीराव पहिला’ हे रूप सगळीकडे दिसते. त्याची हक्काची जागा आहे सूची आणि कोश. तिथे नोंद नावाच्या आद्याक्षराने लागते, म्हणून ‘बाजीराव, पहिला’ असे स्वल्पविराम देऊन उलटे लिहितात. प्रकरणाच्या शीर्षकात किंवा वंशावळीच्या चौकटीतही ते शोभते. सलग वाक्यात हे रूप ठेवायचेच असेल तर प्रत्यय सर्वनामाला द्या: ‘बाजीराव पहिला याने’, ‘बाजीराव पहिले यांनी’. सर्वांत जास्त आढळणारी चूक याच ठिकाणी होते: ‘पहिला बाजीराव यांनी’. इथे ‘पहिला’ एकवचनी आणि ‘यांनी’ आदरार्थी बहुवचनी. एकेरी लिहायचे की आदरार्थी, हे लेखाच्या सुरुवातीलाच ठरवावे आणि शेवटपर्यंत पाळावे.

स्त्रीनामांना नियम तोच: दुसरी एलिझाबेथ, दुसऱ्या एलिझाबेथने. आदरार्थी प्रथमेतही ‘दुसऱ्या एलिझाबेथ १९५२ मध्ये गादीवर आल्या’. ‘दुसरी एलिझाबेथ आल्या’ हे चूक. ‘प्रथम’, ‘द्वितीय’ हे संस्कृत शब्द विकार घेत नाहीत, म्हणून कित्येकांना ते सोयीचे वाटतात. पण ‘पुलकेशी द्वितीयने’ ही हिंदीची घडण आहे. मराठीत ‘दुसऱ्या पुलकेशीने हर्षाला रोखले’ हे सहज येते. सोळावा लुई तर आपल्या तोंडात कधीचाच बसला आहे. त्याला कोणी ‘लुई षोडश’ करायला जाऊ नये.

विभक्तीचा प्रश्न व्याकरणाने सुटतो. खरे चुकते ते क्रमांकात. क्रमांक माणसाचा किंवा नावाचा नसतो, गादीचा असतो. ‘दुसरा शिवाजी’ हे शब्द घ्या. शिवछत्रपतींपासून मोजले तर ताराबाईंचा मुलगा शिवाजी हा दुसरा. तोच कोल्हापूरच्या गादीपासून मोजला तर पहिला होतो, आणि मग १७६२ ते १८१३ या काळात कोल्हापूरच्या गादीवर असलेला शिवाजी दुसरा ठरतो. तंजावरला पुन्हा वेगळा हिशेब: तिथला दुसरा शिवाजी १८३२ ते १८५५ या काळातला, त्या गादीचा अखेरचा राजा. तीन माणसे, तीन गाद्या, शब्द एकच. म्हणून क्रमांकाबरोबर गादी लिहावी: ‘तंजावरचा दुसरा शिवाजी’. कोल्हापूरबाबत तेवढेही पुरत नाही, कारण तिथली मोजणीच दोन प्रकारे होते. तिथे कारकिर्दीची वर्षे द्यावीत, नाहीतर सरळ ‘ताराबाईंचा पुत्र शिवाजी’ म्हणावे.

चंद्रगुप्ताचा सापळा शालेय लेखनात हमखास दिसतो. ‘पहिला चंद्रगुप्त’ म्हणजे मौर्य नव्हे. तो गुप्त घराण्यातला, इसवी सन ३२० च्या आसपासचा. मौर्य चंद्रगुप्त त्याच्याही सहाशेहून अधिक वर्षे आधीचा, पण मौर्य घराण्यात दुसरा चंद्रगुप्त झालाच नाही, म्हणून त्याला क्रमांक लागत नाही. त्याला ‘चंद्रगुप्त मौर्य’ एवढेच म्हणायचे. ‘तिसरा अलेक्झांडर’ म्हटले तर मॅसिडोनियाचा जगज्जेता, १८८१ ते १८९४ मधला रशियाचा झार आणि बाराव्या शतकातला पोप असे तिघे समोर येतात. पहिल्याला आपण सिकंदर म्हणतो, त्यामुळे मराठीत निदान तेवढा भाग सुटलेला आहे. उलट एकाच माणसाला दोन क्रमांकही असतात. स्कॉटलंडचा सहावा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडचा पहिला जेम्स झाला. दोन्ही मुकुट त्याच डोक्यावर. ‘सहाव्या जेम्सनंतर पहिला जेम्स आला’ असे वाक्य भाषांतरात सहज निसटते.

आकडे सलगच असतील असेही धरू नये. सोळाव्या लुईनंतर फ्रान्सच्या गादीवर आला तो अठरावा. मधला सतरावा हा सोळाव्याचा मुलगा. राजनिष्ठांनी त्याला राजा मानले, पण तो १७९५ मध्ये कैदेतच वारला. पोपांच्या यादीत तेविसावा जॉन आहे, विसावा नाही. मध्ययुगात मोजणी चुकली ती चुकलीच. म्हणून ‘तेविसावा’ वाचून ‘आधी बावीस होऊन गेले’ असे वाक्य पदरचे घालू नये.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. दुसरा येईपर्यंत सहसा पहिला कोणी नसतो. १५५८ ते १६०३ या काळात इंग्लंडवर राज्य करणारी एलिझाबेथ त्या वेळी नुसती एलिझाबेथ होती. तिला ‘पहिली’ म्हणण्याची गरज १९५२ नंतर पडली. तसेच १७२० मध्ये पेशवेपद मिळालेल्या बाजीरावाला त्याच्या हयातीत कोणी ‘पहिला’ म्हटले नाही. त्यामुळे ऐतिहासिक संवादात, नाटकात किंवा काल्पनिक पत्रात ‘मी पहिला बाजीराव’ असे घालणे हा ढळढळीत कालविपर्यास ठरतो.

मग त्या काळी माणसे वेगळी कशी ओळखत? वडिलांच्या नावाने. पेशव्यांच्या मुद्रेत ‘बाजीराव बल्लाळ’ येते. बल्लाळ म्हणजे बाळाजी, म्हणून हा बाळाजीचा पुत्र बाजीराव. दुसरा तो बाजीराव रघुनाथ. माधवरावांतही थोरले ते माधवराव बल्लाळ आणि सवाई ते माधवराव नारायण. मात्र बाजीरावाच्या नावातला बल्लाळ म्हणजे बाळाजी विश्वनाथ, आणि माधवरावाच्या नावातला बल्लाळ म्हणजे बाळाजी बाजीराव. आजोबांचे नाव नातवाला ठेवल्यामुळे बाळाजी, बाजीराव, पुन्हा बाळाजी अशी पाळी लागली आहे. मराठी इतिहासातल्या चार मोठ्या बाळाजींना तर क्रमांकाने हातच लावता येत नाही, कारण ते सगळेच एका गादीचे नाहीत: बाळाजी आवजी चिटणीस, बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव आणि बाळाजी जनार्दन. शेवटचे म्हणजे नाना फडणवीस. त्यांच्यात वडिलांचे नाव हाच एकमेव खात्रीचा भेद आहे.

‘नानासाहेब पेशवे’ याच कारणाने जपून लिहावे. पानिपतच्या वेळचे नानासाहेब म्हणजे बाळाजी बाजीराव, १७६१ मध्ये वारलेले. कानपूरचे नानासाहेब म्हणजे धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावाचे दत्तकपुत्र, १८५७ चे. ‘दुसरे नानासाहेब’ असेही लिहितात, पण नानासाहेब हे घरगुती नाव, त्याला गादीची मोजणी लावणे मला पटत नाही. पहिल्या उल्लेखात ‘नानासाहेब (धोंडोपंत)’ लिहिले की काम होते.

आता थोरले, सवाई वगैरे. थोरला हा शब्द जोडीतला आहे. थोरला म्हटले की धाकटा गृहीत असतो. म्हणून दोनच नामबंधू असतील तिथे तो चपखल बसतो. रोमन लेखकांत थोरला प्लिनी आणि त्याचा भाचा धाकटा प्लिनी, इंग्लंडच्या राजकारणात थोरला पिट आणि त्याचा मुलगा धाकटा पिट. बडोद्याच्या सयाजीरावांना तो लावता येणार नाही, कारण तिथे तीन सयाजीराव झाले. १८७५ मध्ये दत्तक जाऊन गादीवर आलेले ते तिसरे सयाजीराव, आणि तिथे क्रमांकच हवा. शिवाय थोरला म्हणजे वयाने मोठा, आणि थोर म्हणजे कर्तृत्वाने. ‘थोरले बाजीराव’ म्हणताना मराठी माणसाच्या मनात दोन्ही अर्थ असतात, हे त्या शब्दाचे बळ आहे. पण ‘थोर बाजीराव’ आणि ‘थोरले बाजीराव’ हे एक नव्हे. पहिल्यात नुसती प्रशंसा आहे, नामबंधूंतला भेद नाही.

सवाई म्हणजे सव्वापट. १७७४ मध्ये जन्मलेल्या माधवरावाला चुलत्याचे नाव आणि त्यावर ‘सवाई’ असे मिळाले. हा शब्द ईकारान्त असल्यामुळे विकार घेत नाही: सवाई माधवरावांनी, सवाई माधवरावांचा. मात्र सवाई म्हणजे ‘दुसरा’ असे समजू नये. जयपूरच्या राजांत ती वंशपरंपरागत पदवी झाली, म्हणून तिथे सवाई जयसिंग आणि सवाई मानसिंग दोन्ही येतात. पुरंदरच्या तहाचा जयसिंग मात्र मिर्झाराजे. ‘मिर्झाराजे’ आणि ‘सवाई’ या पदव्यांनीच ते दोन जयसिंग मराठीत वेगळे राहिले आहेत. ‘राजर्षी’ हेही आता तसेच झाले आहे. राजर्षी शाहू म्हटले की कोल्हापूरचे, १८७४ ते १९२२ हयात असलेले. शिवछत्रपतींचे नातू शाहू (१६८२ ते १७४९) नव्हेत.

‘आद्य’ हा शब्द क्रमवाचक दिसतो, पण त्याचा उपयोग निराळा. शंकराचार्य हे पीठाधिपतींचे पदनामच झाल्यामुळे मूळ आचार्यांना आद्य शंकराचार्य म्हणतात. तिथे ‘पहिले’ घातले तर एखाद्या पीठावरचे पहिले अधिपती असा अर्थ निघतो.

इतके शब्द खर्च करण्याचे कारण एका वाक्यात दाखवता येईल. ‘माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला.’ वाक्य निर्दोष आहे, पण कोणते माधवराव? १७६३ ची राक्षसभुवनची लढाई थोरल्या माधवरावांच्या वेळची, १७९५ ची खर्ड्याची सवाई माधवरावांच्या वेळची. निजामाचे नाव घालून सुटेल म्हणावे, तर दोन्ही वेळा निजामअलीच होता. नाना फडणवीसांचे नाव घालावे, तर त्यांची सेवा दोन्ही कारकिर्दींत झालेली. इथे सोडवणूक दोनच गोष्टींनी होते: ‘थोरल्या’ किंवा ‘सवाई’ हा शब्द, नाहीतर सन. पहिल्या उल्लेखात दोन्ही द्यावेत, पुढे त्याच प्रकरणात नुसते ‘माधवराव’ चालते. प्रकरण बदलले की पुन्हा पहिल्यापासून.

ग्रंथकारांना गादी नसते, म्हणून क्रमांक असलाच तर तो आधुनिक अभ्यासकांनी दिलेला असतो. पहिला भास्कर सातव्या शतकातला, दुसरा १११४ मध्ये जन्मलेला. असा क्रमांक चुकीचा नाही, पण मराठीत याहून चांगली सोय आहे. कृतीच्या नावाला ‘कार’ जोडावे: लीलावतीकार भास्कराचार्य, आर्यभटीयकार आर्यभट, महासिद्धान्तकार आर्यभट. वाचकाला माणूस कळतो आणि त्याचे कामही कळते.

जिथे कर्तृत्वच एकमेकांत मिसळले आहे तिथे हाही उपाय थकतो. ज्ञानदेवांचे समकालीन संत नामदेव आणि सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा यांच्या रचना गाथ्यात एकत्र झाल्या. ‘विष्णुदास नामा’ या नाममुद्रेने निवड करावी, तर नामदेवही स्वतःला विष्णूचा दास म्हणवतात. अशा अभंगाखाली ‘पहिला नामदेव’ किंवा ‘दुसरा नामदेव’ लिहिणे म्हणजे भाषा आणि आशय न तपासता निकाल देणे. तिथे ‘नामदेवांच्या नावावरील अभंग’ एवढेच लिहावे.