काळी एक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

रविवारचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकवेना. पेटीची पहिली काळी पट्टी हा ज्याचा सा, असा काळी एकचा मुलगा वरच्या काळी तीनला गायला बसला की काय होतं, ते फोनच्या एवढ्याशा आवाजातही कळतं. तार षड्ज, वरचा सा, लागला, नाही असं नाही. पण तो लावल्यावर पुढची दोन आवर्तनं तू नुसता श्वास शोधत होतास. आणि वर विचारतोस, "बाई, आता त्याच्या बरोबरीला आलो ना?" त्या काळी तीनवाल्याला टाळ्या पडतात हे मलाही दिसतं रे. मी अजून आंधळी झालेले नाही.

आपली पट्टी सोडायची नाही. पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ऐकत नाहीस, म्हणून आज पॅरिसची गोष्ट सांगते.

आदोल्फ नूरी. जन्म १८०२, फ्रान्समधल्या मोंपेलियेचा. टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा गवई; वडीलही टेनर. १८२१ मध्ये पॅरिस ऑपेरात, म्हणजे तिथल्या संगीत नाटकाच्या रंगमंचावर, उभा राहिला आणि पाचेक वर्षांत तिथला पहिला टेनर झाला. रॉसिनी या संगीतकाराच्या 'विल्यम टेल' या ऑपेरातला आर्नोल्ड १८२९ मध्ये पहिल्यांदा गायला तो हाच. वरच्या सुरांना तो छातीतून धक्का देत नसे. वर जाता जाता आवाज हलका करायचा, मस्तकाकडे न्यायचा. आणि नुसता गळा नव्हता. हालेव्ही या संगीतकाराच्या 'ला ज्युईव्ह' या ऑपेराचा चौथा अंक समूहगानावर संपायचा होता. तिथे कथेतल्या म्हाताऱ्या बापाचं एकट्याचं गाणं हवं, हे नूरीने सुचवलं आणि शब्दही स्वतः दिले. टेनर लोक ते गाणं आजही गातात. 'ला सिल्फीद' या बॅलेची कथा त्याची. शूबर्ट या संगीतकाराची गाणी फ्रान्समध्ये लोकांपर्यंत नेली त्याने. सांगायचं काय, तर एवढा भरलेला माणूस.

मग ऑपेराने त्याच्या जोडीला जिल्बेर द्युप्रे या दुसऱ्या टेनरला घ्यायचं ठरवलं. जोडी नूरीला सोसवेना. १ एप्रिल १८३७ ला निरोपाचा प्रयोग करून तो बाहेर पडला. १७ एप्रिलला द्युप्रे त्याच 'विल्यम टेल'मध्ये उभा राहिला आणि वरचा सी, आपल्या पेटीवरची तारेतली पांढरी एक, त्याने भरल्या छातीने लावला. पॅरिस वेडं झालं. मान कापताना कोंबडा ओरडावा तसा तो सूर, असं खुद्द रॉसिनी म्हणाल्याचं सांगतात. पण टाळ्या रॉसिनीला विचारून थोड्याच पडतात!

आणि नूरी काय करतो? छत्तिसाव्या वर्षी इटलीत नेपल्सला दोनिझेत्ती या संगीतकाराकडे जातो, द्युप्रेने इटलीत कमावला तोच भरल्या छातीचा आवाज शिकायला. आपली पट्टी, आपली तऱ्हा, सगळं पुसून. नवा आवाज पुरता हाती लागला नाही आणि जुनी नजाकत गेली. नेपल्सचे लोक टाळ्या वाजवत होते, त्या त्याला कीव वाटायच्या. ८ मार्च १८३९ ला त्याने जीव दिला. सदतीस वर्षांचा होता. एका सुरापायी माणूस मरत नाही, मला कळतं. मन आजारी होतं त्याचं. तुला तसं कधी काही वाटलं तर रात्री दोन वाजता दार वाजव, त्या वेळी मी पट्टीबद्दल बोलणार नाही.

तू वकिली करशीलच: द्युप्रेनेही आवाज बदललाच ना? बदलला. विशीत, इटलीत वर्षानुवर्षं राहून, गाता गाता. पंधरा दिवसांत बदलून ग्रुपवर टाकला नाही. आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तोही आवाज थकला. मग म्हातारपणापर्यंत शिकवत बसला, माझ्यासारखा.

माझं विचारशील तर एकोणतिसाव्या वर्षी मी एका नाटक मंडळीत होते. शेवटच्या रांगेला ऐकू येत नाही म्हणाले, म्हणून काळी चारची काळी पाच केली आणि दोन वर्षं ओरडले. गळ्यात गाठी आल्या. पंचेचाळीस दिवस मौन. आई चहा विचारायची आणि मी पाटीवर 'साखर कमी' लिहायची. त्या पेन्सिलीचा करकर आवाज अजून कानात आहे. घरात माझा तेवढाच आवाज होता तेव्हा.

लोक म्हणतात, बाईंनी घाबरून मैफली सोडल्या. घाबरून नाही. "जरा उंच घ्या" म्हणाले तिथून मी उठून आले, एवढंच. तीनदा उठले. चौथ्यांदा कोणी बोलावलं नाही. त्याचा मला पश्चात्ताप नाही. बरं, थोडा आहे. पण काळी चार माझी होती आणि अजून आहे. सकाळी सहाला लावून बघते रोज.

नूरीचं एक राहिलं. त्याचं शव पॅरिसला नेताना वाटेत फ्रान्सच्या मार्सेय गावी चर्चमध्ये प्रार्थना झाली. पियानोवादक, संगीतकार शोपाँ तेव्हा त्याच गावात होता. तो ऑर्गनवर बसला, ऑर्गनही बेसूर, आणि त्याने नूरी गायचा ते शूबर्टचं गाणं अगदी हळू, लांबून ऐकू यावं तसं वाजवलं. शोपाँसोबत असलेल्या जॉर्ज साँद या लेखिकेने पत्रात लिहिलंय की जमलेली गर्दी हिरमुसली. त्यांना दणदणाट हवा होता.

गुरुवारी साडेसहाला ये. तंबोरा काळी एकलाच लावून ठेवते. आणि येताना ते दही-ताक खाऊन येऊ नकोस.

तुझी,
बाई